अकरा काचांची खिडकी

"अकरा काचा, अकरा डोळे. माणसानं आत यायचं तरी कुठून?"

मा हे मला म्हणाल्या नाहीत, कोंबडीला म्हणाल्या. कोंबडी उकळत्या पाण्यात मान टाकून पडली होती आणि मा चिमट्यानं तिला या कुशीवरून त्या कुशीवर वळवत होत्या. पण मलेशियातल्या इपोह शहरातल्या आमच्या घराचं स्वयंपाकघर इतकं अरुंद आहे, की एकीनं कोंबडीजवळ केलेली कुरकुर दुसरीच्या कानात पडल्याशिवाय राहत नाही. शिवाय गेली बावीस वर्षं सासूबाईंना मला काही सांगायचं असलं, की त्या ते कोंबडीला, नळाला नाहीतर मांजराला सांगतात. मी ऐकते आणि कामाला लागते. पद्धत चांगली आहे. कोंबडी उलट बोलत नाही, त्यामुळे भांडण होत नाही.

मागच्या मंगळवारी पांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत जे व्हायचं ते झालं. हॉस्पिटलातून आम्ही त्यांना घरी न आणता थेट अंत्यविधीच्या हॉलमध्ये नेलं, तीन दिवस तिथे बसलो, चौथ्या दिवशी रिकाम्या हातांनी घरी आलो. त्यासाठी जो एक साधा शब्द आहे, तो त्या आठवड्यात आमच्या घरात बंद होता. आम्हा चिनी लोकांत असं मानतात, की ज्याचं झालं त्याला स्वतःला ते सहा दिवस कळतच नाही. सातव्या रात्री तो रोजच्यासारखा घरी येतो, चपला काढतो, ताटाकडे बघतो, आणि तेव्हा कुठे त्याच्या लक्षात येतं. तोवर घरच्यांनी तो शब्द तोंडातून काढायचा नाही. वाटेत कानावर पडला तर बिचारा दारातूनच मागे फिरायचा.

सोमवार हा सातवा दिवस होता. आवडीचं जेवण मांडायचं, पावलं उमटतात का ते बघायला फरशीवर टाल्कम पावडर पसरायची, खिडकी उघडी ठेवायची आणि आपण खोल्यांत गुपचूप पडून राहायचं. जेवण शिजत होतं. पावडरचे दोन डबे आणले होते. अडलं होतं ते खिडकीपाशी.

नऊ वर्षांपूर्वी समोरच्या ओळीतल्या एका घराच्या मागच्या दारातून गॅसची टाकी चोरीला गेली. त्या घराला त्याचं फारसं काही वाटलं नाही, त्यांनी दुसरी टाकी आणली. वाटलं ते पांना. त्यांनी अलार्म बसवून घेतला. कंपनीच्या माणसानं सहा सेन्सर लावले आणि सांगितलं, एवढे पुरे. तो गेल्यावर पांनी स्वतः जाऊन आणखी अठ्ठावीस आणले. सगळी खिडक्या-दारं झाली, मग देव्हाऱ्याच्या कपाटाला एक लागला, टपालपेटीला लागला, आणि बिस्किटांच्या डब्यालासुद्धा लागला, त्यामुळे आमच्या घरात बिस्किट खाल्लं की कॉलनीला कळतं.

प्रकार तसा साधा असतो. सेन्सरचे दोन तुकडे. बॅटरीवाला चौकटीला चिकटवायचा, चुंबकवाला खिडकीच्या झडपेला, दोघांत बोटभर अंतर. खिडकी उघडली की चुंबक लांब जातं आणि बॅटरीवाला बोंब मारतो. पण आमची पुढची खिडकी जुन्या पद्धतीची, काचेच्या आडव्या पट्ट्यांची. दांडा ओढला की सगळ्या पट्ट्या तिरक्या होतात. तिला झडपच नाही. कंपनीचा माणूस म्हणाला, "अंकल, हिला सेन्सर बसत नाही." पांना कुणी "बसत नाही" म्हटलेलं खपत नसे. चोर एक पट्टी काढून आत हात घालेल, आणि कुठली पट्टी काढेल ते आधी सांगून थोडाच येईल, असा विचार करून त्यांनी अकराच्या अकरा पट्ट्यांना चुंबकं लावली आणि चौकटीवर एकाखाली एक अकरा सेन्सर. ही खिडकी बाहेरून पाहिली की एखादी मोठी बँक आहे असं वाटतं. आत आहेत वेताच्या चार खुर्च्या, एक बंद पडलेलं घड्याळ आणि आम्ही.

आणि पा सातव्या रात्री येणार ते याच खिडकीतून, यावर मांचं मत पक्कं होतं. दारानं नाही. "दारानं तो कधी सरळ आलाय? आधी खिडकीतून आत कोण आहे ते बघायचा," असं त्यांनी नळाला सांगितलं.

अलार्मला पांनी घड्याळ लावून ठेवलं होतं. रोज संध्याकाळी सातला तो आपोआप जागा होई आणि सकाळी साडेसहाला झोपे. सातला एखादी खिडकी उघडी सापडली, तर आधी एक मिनिट किरकिर आणि मग छपराखालचा भोंगा. तो थांबवायचा तर भिंतीवरच्या पॅनेलवर चार आकडी कोड दाबायचा. तो कोड फक्त पांना माहीत होता. दाबताना ते सगळ्या अंगानं पॅनेल झाकत. मी एकदा विचारला तेव्हा म्हणाले, "आ फोंग, तुझ्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. म्हणूनच तुझ्यावर ओझं टाकत नाही."

म्हणजे सातच्या आत एकतर कोड सापडायला हवा होता, नाहीतर खिडकीचे सेन्सर तरी निघायला हवे होते. मी दातांच्या दवाखान्यात एकोणीस वर्षं काउंटरवर बसते. माझा समज असा, की शांतपणे विचार केला तर या जगात न निघणारं काही नाही.

सकाळी नऊला मी आणि माझा नवरा वेंग किट पॅनेलसमोर उभे राहिलो. पांचं जन्मवर्ष दाबलं. लाल दिवा. लग्नाचं वर्ष. लाल दिवा. किट म्हणाला, "जुन्या गाडीचा नंबर टाक." मी म्हटलं, "तीनच वेळा संधी असते, नीट विचार कर." तो म्हणाला, "नीट विचार करूनच सांगतोय." भोंगा वाजला.

जवळून तो भोंगा कसा वाजतो हे मी नऊ वर्षांत विसरले होते. दाढेतून कुणी ड्रिल थेट मेंदूत घालावं तसा. तीन मिनिटांनी तो थांबला, पॅनेलवर "कुलूपबंद" अशी अक्षरं आली, आणि फाटकाशी शेजारी जमले. सांत्वनाला सगळे आधीच येऊन गेले होते, त्यामुळे आता काय बोलावं ते कुणाला सुचेना. पलीकडच्या काक नोराईनी, म्हणजे आमच्या नोराईनीताई, मुगाच्या खिरीचं पातेलं घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "वाजला म्हणून आणली. असंही आज आणणारच होते."

डाव्या हाताचे अंकल सिवनेसन टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. तारांचं सगळं आपल्याला कळतं असं त्यांना वाटतं, आणि आम्हालाही तसं वाटावं म्हणून ते खटपट करतात. त्यांनी मला बाजूला घेतलं. "बाळ, कोणकोणते आकडे टाकलेस?"

"का, अंकल?"

"नाही, चुकलेले आकडे कळले तर ते तरी वगळता येतील."

"तुम्हाला उघडायचंय का पॅनेल?"

"पॅनेल नाही गं," ते आवाज उतरवून म्हणाले, "बुधवारी लॉटरीची सोडत आहे. चार आकडीच असते. अशा वेळचा आकडा हमखास येतो म्हणतात. कोड सापडला की आधी मला सांग."

मग त्यांनी खरा सल्ला दिला. मुख्य बटण बंद करा, वीज गेली की यंत्र आपोआप मान टाकतं. आम्ही बटण बंद केलं. पंखे थांबले, फ्रिज थांबला, भाताचा कुकर अर्ध्यात थांबला. पॅनेल आपल्या बॅटरीवर हसतमुखानं चालू राहिलं. "चांगल्या कंपनीचं दिसतंय," अंकल म्हणाले. पांच्या ताटासाठीचा भात त्या दिवशी वरून शिजलेला आणि खालून कच्चा झाला, ती पहिली आहुती.

किट म्हणाला, "मी बदक घेऊन येतो."

भाजलेलं बदक पांना फार आवडे, ताटात ते हवंच होतं, त्यामुळे त्याला काही म्हणता येईना. पण दुकान दहा मिनिटांवर आहे आणि तो निघाला दहाला, परत आला पाचला. मला कारण माहीत होतं. हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात पा रोज त्याला विचारत, "डॉक्टर काय म्हणाले?" आणि हा रोज सांगे, "म्हणाले, बदक खायचं नाही. शनिवारी घरी." मीही तेच सांगायचे. पा माझ्याकडे बघायचे, मग छताकडे, आणि विचारायचे, "सातला खिडक्या बघितल्यास ना?" आम्ही सगळी हुशार माणसं. आठ दिवस आम्ही त्या माणसाशी बदकाविषयी बोललो.

अकरा वाजता मी कंपनीला फोन लावला. फोन घेणाऱ्या मुलीचं नाव वानी. आवाज गोड, नियम पक्के.

"कोड बदलायचा असेल तर खातेदारांनी स्वतः बोलायला हवं, मॅडम. श्री. लोक याम चेओंग आहेत का?"

"सध्या नाहीत."

"कधी येतील?"

"आज रात्री," मी म्हटलं. खरं तेच सांगितलं.

"मग रात्री त्यांना फोन करायला सांगा. आमची लाइन चोवीस तास चालू असते."

"ते... फोन करतील असं वाटत नाही."

"मग सकाळी ऑफिसात सही करायला येऊ देत."

"सकाळपर्यंत ते थांबणार नाहीत," मी म्हटलं. पलीकडे की-बोर्ड थांबल्याचा आवाज आला.

माझ्या हातातला फोन माझ्या नणंदेनं घेतला. ती पेनांगहून आली होती. तिचं घरचं नाव पुई यी, चर्चमध्ये जायला लागल्यापासून डॉर्कस. आमच्या विधींमध्ये ती भाग घेत नाही, फक्त प्रत्येक ठिकाणी उभी राहून सूचना करते. "मी सांगते तिला नीट," ती म्हणाली आणि फोनमध्ये हळुवारपणे बोलली, "ते पित्याच्या घरी परत गेले आहेत."

"बरं," वानी म्हणाली, "मग त्या पित्याच्या घरचा नंबर देता का?"

डॉर्कसनं फोन माझ्याकडे परत दिला आणि पाणी प्यायला गेली.

"आ यी," आतून मांचा आवाज आला. मुलीला त्या डॉर्कस कधी म्हणत नाहीत. "तुझ्या देवाचं नंतर बघू. आधी स्टूल धर."

स्टूल हवं होतं ते चुंबकांसाठी. ही युक्ती मात्र अंकलची, आणि मान्य करायला हवं, मुळात बरी होती. चुंबक लांब गेलं की सेन्सर ओरडतो ना? मग खिडकी उघडण्याआधी त्याच्या दुसऱ्या बाजूला आपलं एक चुंबक चिकटवून ठेवायचं. खरं चुंबक जाईल, खोटं राहील, आणि तो मूर्ख गप्प बसेल. दिवसा अलार्म झोपलेला असतो, पण चुंबक हललं की सेन्सरवर बारीक लाल दिवा लुकलुकतो, त्यामुळे चाचणीही घेता येत होती.

अकरा चुंबकं कुठून आणायची? फ्रिजवरून. आमच्या फ्रिजवर तीन निघाली. एक ड्युरियन फळाचं, एक आमच्या दवाखान्याची हसरी दाढ, एक गॅसवाल्याचा नंबर. काक नोराईनींनी मक्केहून आणलेलं एक दिलं आणि म्हणाल्या, "सांभाळून वापर हं, उलटं लावू नको." डॉर्कसच्या गाडीत बायबलच्या वचनांची चार होती. अंकलनी गणपतीचं एक दिलं. राहिलेली दोन कॉलनीच्या पहारेकऱ्यानं आणून दिली, एकावर नेपाळचा डोंगर होता, दुसऱ्यावर नूडल्सची जाहिरात.

दुपारी दोनपर्यंत आमच्या खिडकीची चौकट सर्व धर्मांच्या सभेसारखी दिसायला लागली होती. मा बाहेर येऊन बराच वेळ बघत राहिल्या आणि मांजराला म्हणाल्या, "तो बघेल आणि म्हणेल, चुकलं घर."

दांडा ओढला. अकरा दिव्यांपैकी सहा लुकलुकले. मक्का चाललं, गणपती चालला, डोंगर चालला, एक वचन चाललं, आणि हसरी दाढ चालली. बाकीची तीन वचनं, ड्युरियन, गॅसवाला आणि नूडल्स पडले कच्चे. डॉर्कसला ते लागलं. "वचनात दोष नसतो," ती म्हणाली, "स्वस्तातलं चुंबक असेल."

आता राहिले सहा सेन्सर, म्हणजे ते उपटायचे. आणि इथे माझा एकोणीस वर्षांचा अनुभव कामी येणार होता. दुहेरी चिकटपट्टीनं लावलेली वस्तू जोर लावून ओढायची नसते, रंगाचे पोपडे निघतात. आधी हेअर ड्रायरनं ऊब द्यायची म्हणजे गोंद मऊ पडतो. मग मागच्या फटीत बारीक मजबूत दोरा घालून करवतीसारखा इकडून तिकडे ओढायचा. दातांच्या फटीत फिरवायचा मेण लावलेला दोरा याला सगळ्यात चांगला. माझ्या पर्समध्ये तो नेहमी असतो, पुदिन्याच्या वासाचा.

चार वाजता मी सातव्या पट्टीच्या सेन्सरपासून सुरुवात केली. ड्रायर डॉर्कसच्या हातात, दोरा माझ्या. बघायला फाटकाशी सात-आठ जण. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं. दोरा सुळकन खाली उतरला, सेन्सर चौकटीपासून सुटला, रंगाचा कपटाही निघाला नाही. फाटकाशी कुणीतरी "वा" म्हणालं.

आणि भोंगा वाजला.

सेन्सरच्या पाठीवर एक बारीक बटण असतं. भिंतीला टेकलेलं असताना ते दबलेलं राहतं. भिंतीपासून सेन्सर उचलला की बटण वर येतं आणि मग दिवस असो, रात्र असो, अलार्म झोपलेला असो की जागा, यंत्र समजतं की चोर सेन्सरच काढतोय. चोर तेच तर करत होता. मी घाबरून अंगठ्यानं बटण दाबलं आणि सेन्सर पुन्हा चौकटीला टेकवला. तीन मिनिटांनी भोंगा गप्प झाला. मी हळूच अंगठा ढिला केला. भोंगा. दाबला. गप्प.

"चिकटव परत," डॉर्कस म्हणाली.

"गोंद मीच तर कापून काढला."

"सेलोटेप?"

सेलोटेपनं बटण अर्धंच दबे. भोंगा. रबर बँड. भोंगा. अंकलनी टेलिफोन खात्याची काळी चिकटपट्टी आणली, तिनं माझं बोट चौकटीला पक्कं चिकटलं, बटण तेवढं मोकळं राहिलं. भोंगा. पाचव्या भोंग्यानंतर काक नोराईनींनी फाटकापाशी खुर्ची मागवली.

अशा रीतीनं सव्वाचारपासून मी आमच्या पुढच्या खिडकीशी, छातीइतक्या उंचीवर उजवा अंगठा टेकून उभी राहिले. माझं वय एकोणपन्नास. दवाखान्यात मला सगळे मान देऊन बोलतात. डॉक्टरसुद्धा रजेवर जाताना मला विचारतात. काक नोराईनींनी चमच्यानं मला खीर भरवली. अंकलनी विचारलं, "बाळ, सातवी पट्टी ना? आणि भोंगा पाच वेळा?" आणि तळहातावर काहीतरी लिहून घेतलं.

तेवढ्यात किट आला. एका हातात बदक, दुसऱ्या हातात लाल पिशवी. माझ्याकडे त्यानं एकदा पाहिलं. नवरा म्हणून तो चांगला आहे, हसला नाही. पिशवीतून त्यानं कागदी मोबाईल काढला, पूर्वजांसाठी जाळायला मिळतो तो.

"हे काय?" मी विचारलं.

"हा जाळला की पांना मिळेल. मग त्यांनाच कोड विचारू. दुकानदार म्हणाला, नवीन मॉडेल आहे. चार्जरही आहे सोबत."

मा पावडरचा डबा घेऊन दारात आल्या होत्या. बहुतेक बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्या आम्हा नवराबायकोशी कुणाही प्राण्याला मध्ये न घालता बोलल्या. "आणि नंबर कुठला लावणार?"

किटनं फोनच्या खोक्याची मागची बाजू बघितली. तिथे नंबर नव्हता.

साडेसहा झाले. बाहेर ऊन पिवळं पडलं. मांनी पावडर पसरायला सुरुवात केली, दारापासून आत, खुर्च्यांभोवती, आणि शेवटी माझ्या पायांशी. माझी पावलं त्यांनी नीट वळसा घालून टाळली. आता मला अंगठा सोडून हलता येत नव्हतं आणि पाय उचलूनही हलता येत नव्हतं. ज्या खिडकीतून पा आत येणार होते, त्या खिडकीत सर्वांत आधी त्यांना मी दिसणार होते, हातात सेन्सर घेतलेली, रंगेहाथ. "ओझं टाकत नाही" म्हणणाऱ्या माणसाला काय सांगायचं, याचा मी विचार करायला लागले.

"परत फोन लाव," मी किटला म्हटलं, "आणि माझ्या कानाशी धर."

पुन्हा वानीच होती. सकाळपासून तिची पाळी संपली नव्हती आणि आमची गोष्टही. तिनं बरंच काही ओळखलं असावं, कारण या वेळी ती हळू बोलली. "मॅडम, मी फॉर्म उघडते. खातेदार बोलू शकत नसतील तर कारण लिहावं लागतं. प्रवास, आजारपण, स्थलांतर की इतर?"

"इतर."

"इतर लिहिलं की खाली एक रिकामी जागा येते. तिथे शब्द लिहायचा असतो."

"तुम्ही लिहा ना काहीतरी."

"मी माझ्या मनानं लिहू शकत नाही. कॉल रेकॉर्ड होतो. शब्द तुमच्या तोंडून आला पाहिजे. आणि तुमच्याही नाही," ती म्हणाली, "खात्यावर दुसरं नाव पत्नीचं आहे. त्यांनी सांगितलं की मी इथूनच अलार्म बंद करू शकते. दोन मिनिटांचं काम आहे."

दोन मिनिटांचं. मी किटकडे पाहिलं. किटनं बदकाकडे पाहिलं.

"मांना नको," तो पुटपुटला. "मांना कसं सांगणार हे बोलायला? आणि इथे? आत्ता?"

"हळूच बाहेर फाटकापाशी नेऊ," डॉर्कस म्हणाली, "आणि तिथे दुसऱ्या शब्दांत—"

"दुसरे शब्द सकाळी वापरून झालेत," मी म्हटलं.

"सात वाजता भोंगा होऊ दे वाजायचा तर," किट म्हणाला. "वाजून वाजून थकेल. पण त्यांना..." त्यानं फोन माझ्या कानावर इतका दाबला, की कान दुखायला लागला. हॉस्पिटलात पांना पाणी पाजताना पेलाही तो असाच दाबून धरायचा, आणि पा म्हणायचे, "सांडतोयस."

पॅनेलवरच्या घड्याळात सातला अकरा मिनिटं कमी होती. मांनी पावडरचा डबा खाली ठेवला, हात पुसले, आणि पावडरीवरून सरळ चालत आल्या. पावलं उमटली. पहिली पावलं त्या रात्री त्यांचीच उमटली. किटच्या हातातून त्यांनी फोन घेतला.

"बोल गं पोरी."

वानीनं काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. मांनी ओळखपत्राचा नंबर सांगितला, न अडखळता, आकडा आकडा करून. मग त्यांनी बाहेर पाहिलं. खिडकीच्या पट्ट्यांतून फाटक दिसत होतं, अंकल, काक नोराईनी, पहारेकरी दिसत होते.

"माझा नवरा मेला," मा म्हणाल्या. "मंगळवारी पहाटे. मेला असं लिही."

"मा!" डॉर्कसनं तोंडावर हात ठेवला. "ते ऐकतील ना!"

"ऐकू दे." मांचा आवाज चढला नाही. "आठ दिवस तो आपल्याला विचारत होता आणि आपण त्याला बदकाचं सांगत होतो. घरी येऊन ताट बघून त्याला कळायचं? परक्यासारखं? आपल्या माणसांनी सांगायला नको?"

किट वेताच्या खुर्चीत बसला. बसला तो पावडरीतच पाय देऊन. पॅनेलनं एकदा टुक केलं, लाल दिवा गेला, हिरवा आला. फोनमध्ये वानी काहीतरी म्हणत होती, बहुधा कंपनीतर्फे दुःख व्यक्त करत होती, पण मांनी फोन माझ्या डाव्या हातात दिला होता.

मी अंगठा काढला. काही झालं नाही. अंगठ्यावर बटणाचा गोल ठसा उठला होता, तो पुढे दोन दिवस राहिला.

मांनी दांडा खाली ओढला. अकराही पट्ट्या एकदम तिरक्या झाल्या, आणि गणपती, मक्का, डोंगर, दाढ सगळ्यांना चुकवत संध्याकाळची गार हवा आत आली, पावडर थोडी उडाली. मा पट्ट्यांजवळ तोंड नेऊन बाहेरच्या कलत्या उन्हाला म्हणाल्या,

"ये आता, म्हाताऱ्या. तू मेलायस. बदक गरम आहे, आणि कोड लागत नाही."